ड्रम सेट सुरात कसा लावायचा: सुरुवात खालच्या पानापासून

ऑर्केस्ट्रातली पहिली काही वर्षं मी ड्रम लावायचो ते चिकटपट्टीने. टॉम (सेटमधला मधल्या आकाराचा, तारा नसलेला ड्रम) घणघणला की एक पट्टी, तरी घणघणला की दुसरी, आणि तेही पुरेना झालं की हातरुमालाची घडी. एका स्नेहसंमेलनात माइक लावायला आलेल्या साउंडवाल्याने मधल्या टॉमवर दोन टोले दिले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “दादा, आत भुसा भरलाय का?” त्या रात्री घरी आल्यावर सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या, टॉम उलटा केला आणि खालच्या बाजूच्या नटांना आयुष्यात पहिल्यांदा चावी लावली. सहापैकी दोन नट चावीशिवाय, नुसत्या बोटांनी फिरत होते.

पाच ड्रमच्या सेटला दहा पानं असतात आणि आपण त्यातल्या पाचांचीच काळजी घेतो. ‘सेट हलका आहे’ म्हणून ज्याला नावं ठेवली जातात, त्या सेटचं बहुतेक वेळा खालचं पान ढिलं किंवा वाकडं ताणलेलं असतं. म्हणून या लेखात सगळं उलट्या क्रमाने येईल, आधी खालचं पान, मग वरचं. (पान म्हणजे हेड किंवा स्किन. ढोलपथकात वाजवलेल्यांना शब्द सांगायला नको.)

जवळ काय हवं

ड्रमची चावी, शक्यतो दोन. समोरासमोरचे दोन नट एकाच वेळी फिरवता आले की काम निम्म्या वेळात होतं आणि ताण सारखा राहतो. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, जुनं सुती फडकं, पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा, टॉर्च, एक उशी. मोबाइलवर ट्यूनरचं अॅप चालेल, पण नव्याने शिकणाऱ्याने ते पहिला महिना उघडू नये. कान तयार व्हायच्या आधी डोळे आकड्याला चिकटतात.

पानांबद्दल थोडक्यात. पानाची जाडी ‘मिल’मध्ये सांगतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्याचा मिलिमीटरशी घोळ करू नका. नेहमीचं एकपदरी पान १० मिलचं, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. दुपदरी पानात बहुधा ७ मिलचे दोन थर असतात. ते जास्त मार खातं, आस (टोल्यानंतर रेंगाळणारा नाद) थोडी कमी देतं आणि आवाज भरीव काढतं. ऑर्केस्ट्रात आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम वाजवणाऱ्याला मी टॉमवर वर दुपदरी, खाली एकपदरी पारदर्शक आणि स्नेअरवर (खालच्या पानाला तारा लावलेला ड्रम) वर पांढरं खरखरीत पान सुचवतो. स्वस्त सेटबरोबर कारखान्यातून येणारी पानं पातळ आणि कमअस्सल असतात. नवी झांज घेण्याआधी ती बदला. झांजेचे पैसे पुढच्या हंगामात उभे करता येतील.

उघडताना

एक नट पूर्ण सोडून मग दुसऱ्याला हात घालू नका. प्रत्येक नट अर्धा फेरा, मग त्याच्या समोरचा अर्धा फेरा, असं करत सगळे हळूहळू सैल करा. पान निघालं की आत पाहा. काडीचे तुकडे, धूळ, एखादा वॉशर आणि माझ्या बाबतीत एकदा सुकलेली झेंडूची पाकळी, असं बरंच काही सापडतं. नट पुसून प्रत्येकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. दोन थेंब दिलेत तर वाजवताना नट आपोआप ढिले होतील.

आता शेलची, म्हणजे ड्रमच्या गोल पिंपाची, कडा. पान या कडेवर बसतं, म्हणून ती सपाट हवी. घरातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. तो पुसून त्यावर शेल उघड्या कडेने पालथा ठेवा, खोलीतला दिवा घालवा आणि शेलच्या आत टॉर्च लावा. कडेखालून प्रकाशाची बारीक रेघ कुठे दिसते ते पाहा. एखाद्या ठिकाणी केसाइतकी फट दिसली तर सोडून द्या. पोस्टकार्ड आत सरकत असेल तर तो ड्रम जाणकाराकडे न्या. घरी पॉलिश पेपर घासायचा मोह आवरा. मी एका फ्लोर टॉमवर तो प्रयोग केलाय आणि तो टॉम आता गॅलरीत तुळशीखाली आहे.

याच ओट्यावर रिमही (पान दाबून धरणारी कडी) ठेवून पाहा. ती डुगडुगली तर वाकलेली आहे. सेट टेम्पोतून नेणाऱ्यांकडे कडा बिघडण्यापेक्षा रिम वाकण्याचे प्रकार कितीतरी जास्त आढळतात आणि वाकड्या रिमवर कितीही सूर लावला तरी एक नट कायम हट्ट धरून बसतो. रिम बदलून मिळते, शेल मिळत नाही.

शेल लाकडी असेल तर कडेवर मेणबत्ती हलकी फिरवा. पान ताणताना ते कडेवरून सरकत नीट बसतं.

पान चढवणं

पान कडेवर ठेवा, वर रिम, मग सगळे नट फक्त बोटांनी घट्ट करा. बोटं थांबतात तिथे सगळे नट साधारण सारख्या जागी आले पाहिजेत. चावी त्यानंतर. सहा नटांच्या टॉमला घड्याळ समजा: १२, मग ६, मग २, मग ८, मग १०, मग ४. प्रत्येकाला अर्धा फेरा. पुन्हा त्याच क्रमाने अर्धा फेरा. सुरकुत्या जायला लागतील. बहुतेक टॉमना सहा किंवा आठ नट असतात, चांगल्या स्नेअरला दहा. आकडा कितीही असो, समोरासमोर जायचं हा नियम एकच.

मग तळहात पानाच्या मध्यावर ठेवून वजन द्या. घाबरू नका, चांगलं पान सहन करतं. करकर आवाज येईल, तो रिंगच्या आतल्या गोंदाचा आहे. पान फाटत नाहीये. दाब दिल्यावर एका बाजूला पुन्हा सुरकुत्या उमटतील, तिथला नट थोडा घट्ट करा. (स्नेअरच्या खालच्या पानावर हे मुळीच करू नका. ते जेमतेम ३ मिलचं असतं, अंगठ्यानेही खड्डा पडतो.)

सहा घरं एका सुरात

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. लोक तो तीन मिनिटांत उरकतात. पहिल्या काही वेळा एका पानाला वीस मिनिटं द्या.

तबला लावताना वादक काय करतो ते आठवा. तो किनारीवर एकेका घरापाशी (सूर तपासायच्या जागेपाशी) बोट मारत फिरतो आणि जे घर उतरलं असेल तिथे गजऱ्यावर (कडेच्या विणलेल्या गोटावर) वरून हातोडी मारतो. तबल्याला घरं सोळा, टॉमला सहा, एवढाच फरक. दुसरी बाजू बोलू नये म्हणून ड्रम उशीवर ठेवा. एक बोट पानाच्या मध्यावर हलकंच टेकवा आणि काडीच्या टोकाने रिमपासून इंचभर आत, प्रत्येक नटासमोर, हळू वाजवा. जोरात मारलंत की सगळे सूर एकसारखे वाटू लागतात.

प्रत्येक टोल्यानंतर तो सूर तोंडाने गुणगुणा. नुसतं ऐकून ‘हा वर आहे की खाली’ हे ठरत नाही, गुणगुणलं की घशाला लगेच कळतं. घरातले हसतील, हसू द्या.

समजा १२ इंची टॉमवर पाच नट एकच सूर सांगतायत आणि ४ वाजताचा उतरलेला आहे. पाचांना हात लावू नका. ४ वाजताच्या नटाला चावीचा आठवा हिस्सा फेरा द्या, पान मध्यावर एकदा दाबा, पुन्हा ऐका. आणि लगेच त्याच्या समोरचा, १० वाजताचा, ऐका. पानाचा ताण आरपार जातो, एक ओढला की समोरचाही चढतो. नव्या मुलांची दमछाक इथेच होते: ४ चढवला म्हणून १० चढला, १० उतरवला म्हणून ४ उतरला, आणि अर्ध्या तासाने ते पुन्हा पहिल्याच जागी. समोरासमोरची जोडी बिघडली असेल तर त्यातल्या एकालाच हात लावा, दुसरा बहुतेक आपोआप जागेवर येतो.

एखादा नट चढला असेल तर तो सुरापर्यंत उतरवून तिथेच सोडू नका. सुराच्या खाली उतरवा आणि मग वर चढवत आणा. उतरवून सोडलेला नट आट्यांमध्ये अडकून राहतो आणि तिसऱ्या गाण्यात अचानक सुटतो.

सहाही घरं जुळली हे ओळखायची खूण आहे. बोट काढून मध्यावर टोला द्या. सूर सरळ, एकाच श्वासात विरत गेला तर जुळलं. ‘वाँव-वाँव’ अशा लाटा ऐकू आल्या तर पानाचा ताण एका दिशेला जास्त आणि दुसरीला कमी आहे, दोन जवळजवळचे सूर एकमेकांवर आपटतायत. पुन्हा फेरी मारा.

इथे एक गोष्ट मनाशी घट्ट करा. टॉममधून तबल्यासारखा स्वच्छ सूर येणार नाही आणि त्यात दोष तुमचा नाही. गोल, सपाट, सारख्या जाडीचं पान वाजलं की त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या साधारण १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेड्यावाकड्या अंतरांवर येतात, २ पट, ३ पट असे नेटके नाहीत. तबल्याची शाई (मधला काळा गोल) हेच अंतर सरळ करते. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी यावर १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. नटाजवळ वाजवताना तुम्हाला ऐकू येतो तो प्रामुख्याने १.५९ पटीतला स्वर, म्हणूनच तो मध्यावरच्या टोल्यापेक्षा उंच असतो. ट्यूनर वापरणारे इथेच गोंधळतात. नटाजवळचा आकडा आणि मध्यावरचा आकडा वेगळा यायलाच हवा.

वर आणि खाली

खालचं पान असं जुळवून मध्यम ताणावर आणा. मग ड्रम पलटवून वरचं पान त्याच रीतीने जुळवा, पण ताण कमी ठेवा, सुरकुत्या जेमतेम गेल्या की थांबा. आता टॉम उशीवरून उचला, स्टँडवर लावा आणि मध्यावर वाजवा. इथून पुढे आवडीनिवडीचा प्रश्न आहे.

दोन्ही पानं एकाच सुरात असतील तर आस सगळ्यात लांब मिळते, गोल, गाणारी. जॅझ वाजवणाऱ्यांना ती आवडते. खालचं पान थोडं चढं ठेवलंत तर टोला नेमका आणि आस आटोपशीर. ऑर्केस्ट्रासाठी मी हेच ठेवतो, कारण आमच्या सभागृहांत घुमारा आधीच भरपूर असतो. खालचं उतरतं ठेवलंत तर टोल्यानंतर सूर खाली घसरल्यासारखा वाटतो. एकदा ऐकायला मजा येते, सगळ्या गाण्यांत नाही.

नुसतं वरचं पान चढवत राहून आवाज सुधारायचा प्रयत्न करू नका. पाव फेरा वर दिलात की खालीही ऐकून पाहा. मी बदल करताना आधी खालून करतो. वरच्या पानाला काडीखाली जशी उसळी हवी ती एकदा मिळाली की त्याला शक्यतो हात लावत नाही.

टॉम एकमेकांत

१०, १२ आणि १६ इंची टॉम असतील तर सा–म या अंतराने चढत जा: १६ इंचीला सा, १२ इंचीला म, १० इंचीला कोमल नी. पाश्चात्त्य सुरांत ते ई, ए, डी होतात, म्हणजे मध्यावरच्या टोल्याला साधारण ८२, ११० आणि १४७ हर्ट्झ. हार्मोनियमवर पांढरी ३, पांढरी ६ आणि वरच्या सप्तकातली पांढरी २, या पट्ट्या उंच ऐकू येतील, पण कानाला अंतर कळायला पुरतात. सेट १२-१३-१६ चा असेल तर पहिल्या दोघांत एवढं अंतर बसवण्याचा हट्ट नको, तिथे सा–ग पुरे. १३ इंचीला सुरकुत्या पडेपर्यंत उतरवण्यापेक्षा ते बरं.

आणि गाण्याच्या पट्टीत टॉम लावायचे का? स्टुडिओत एका गाण्यासाठी लावतात. तीन तासांच्या कार्यक्रमात गायिका काळी ५ मध्ये गाते आणि पुढचा गायक पांढरी १ मध्ये, तिथे हा विचार सोडून द्या.

स्नेअर

बाजूचा खटका सोडून खालच्या पानाला टेकलेल्या तारा मोकळ्या करा. खालचं पान टॉमपेक्षा बरंच घट्ट हवं. तारा त्याच्याच थरथरीवर जगतात. ते ढिलं राहिलं तर आवाज कागद फाडल्यासारखा येतो. तारा जिथून जातात तिथे कडा किंचित खोल घासलेली असते, त्यामुळे त्या चार नटांपाशी सूर नेहमी थोडा उतरलेला वाटतो. तिथे थोडा जास्त ताण द्या, बाकी घरं जुळवा. वरचं पान मध्यम ते चढं.

मग तारा. त्या बरोबर मध्यावर आहेत का आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या आहेत का ते पाहा. खटका लावून ताण सगळा सोडा आणि अगदी हळू, बोटांनी वाजवत, तारांचा स्क्रू फिरवत या. तारा हलक्या टोल्यालाही ज्या जागी बोलू लागतात, तिथून पाव फेरा पुढे. बहुतेक जण याच्या दुप्पट आवळतात आणि मग स्नेअरचा आवाज गुदमरतो. माइकवाला बिचारा वरची फ्रीक्वेन्सी वाढवत बसतो.

१० इंची टॉम वाजवला की स्नेअर खरखरतो, ही तक्रार प्रत्येकाची असते. दोघांचे सूर जवळ आले की टॉमच्या हवेनेच स्नेअरचं पान थरथरतं. पूर्ण घालवता येत नाही, कमी होतं. टॉम किंचित वर किंवा खाली सरकवून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर स्नेअरच्या खालच्या बाजूला तारांच्या दोन्ही अंगांचे नट एकेक आठवा हिस्सा सैल करा. तरीही उरलेली खरखर बँड सुरू झाल्यावर तुमच्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही.

बेस ड्रम

याला सगळ्यात कमी ताण लागतो. वाजवायच्या बाजूचं पान सुरकुत्या गेल्या की अर्धा फेरा पुढे, बस. समोरचं त्याहून किंचित चढं. समोरच्या पानाला मध्य सोडून एका बाजूला चारपाच इंची भोक असेल तर माइक आत जातो. ठोका नेमका हवा असेल तर जुनी सोलापुरी चादर घडी करून आत ठेवा, दोन्ही पानांना नुसती टेकेल एवढीच. मुलं उशीवर उशी भरतात. मग ठोका पायाला जाणवतो, ऐकू येत नाही. पुढचे पाय असे लावा की समोरची बाजू जमिनीपासून जराशी उचललेली राहील आणि खाली सतरंजी घाला. घसरणाऱ्या बेसमागे धावत कुणालाच लय धरता येत नाही.

आता लांबून ऐका

ड्रमवर बसून ऐकू येणारा आवाज प्रेक्षकांना ऐकू येत नाही. कुणाला तरी वाजवायला बसवा आणि पंधरावीस फुटांवर जाऊन उभे राहा. जवळून त्रास देणारी ती टिंगटिंग तिथे बहुतेक विरून गेलेली असते आणि बेस गिटार सुरू झाली की उरलीसुरलीही जाते. यानंतरही खटकत असेल तरच पट्टी लावा. रिमजवळ, एका ठिकाणी, कागदी टेपची. पॅकिंगची ब्राऊन टेप नको, तिचा चिकटा पानावर कायमचा बसतो. याहून चांगला उपाय फुकट आहे: फाटलेल्या जुन्या पानाची कड कापून इंचभर रुंदीची कडी करा आणि ती नुसती पानावर ठेवा. छोट्या हॉलमध्ये ठेवली, मैदानात काढली.

प्लॅस्टिकच्या पानांचा काळ १९५० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. रेमो बेली यांची रेमो कंपनी १९५७ ची. त्याआधी ड्रमला वासराचं कातडं असे आणि दमट हवेत ते उतरे, आपल्या ढोलकीवाल्यांना हे सांगायला नको. पॉलिएस्टरच्या पानाला पावसाळ्याचा तेवढा त्रास नाही, पण उष्णतेने ते थोडं सैलावतं. दुपारी चार वाजता उन्हात लावलेला सेट रात्री नऊला गारव्यात चढलेला सापडेल. साउंड चेकनंतर लावलेला सूर अंतिम मानू नका. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं मागा.

आणि मध्यंतरात स्नेअरकडे पाहा. रिमशॉट (काडी रिम आणि पान दोन्हींवर एकदम बसणारा टोला) नेहमी एकाच जागी बसतो, म्हणून तुमच्या पोटाकडचे दोन नट बाकीच्यांच्या आधी सुटतात. ते वारंवार सुटत असतील तर तेवढे दोनच काढून आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दीड वेढा गुंडाळा आणि परत बसवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. माझ्या काड्यांच्या पिशवीत चावीच्या शेजारी तिचं एक रीळ कायम असतं.